हजेरीपटावरचे नाव : रायपूर परिसरातील कामगार आणि औषधपाण्याचा प्रश्न

कामगार आजारी पडला तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न वरवर पाहता दयाबुद्धीचा किंवा फार तर जमाखर्चाचा वाटतो. परंतु छत्तीसगडच्या मैदानी पट्ट्यात, म्हणजे रायपूर, दुर्ग आणि राजनांदगाव या भागात गेल्या शंभर वर्षांत तो ज्या ज्या वेळी उभा राहिला, त्या त्या वेळी वादाचे मूळ हजेरीपटात सापडते. हजेरीपट म्हणजे मालक ज्या वहीत आपल्या कामगारांची नावे आणि त्यांच्या कामाचे दिवस मांडतो ती वही. या वहीत ज्याचे नाव असे, त्याला पगारी रजा, अपघाताची भरपाई आणि कारखान्याचा दवाखाना मिळे. ज्याचे नाव केवळ ठेकेदाराच्या चिटोऱ्यावर असे, त्याने दुखणे अंगावर काढावे, अशीच सर्वांची अपेक्षा असे. दोघेही त्याच मालासाठी, अनेकदा त्याच उन्हात, खांद्याला खांदा लावून राबत असले तरी या व्यवस्थेत फरक पडत नसे.

हा प्रश्न छत्तीसगडपुरता नाही. किराणा आणि खाद्यवस्तू विकणाऱ्या मोठ्या साखळी दुकानांतील नोकरांच्या आरोग्यविम्यावरून झालेला सर्वांत गाजलेला संघर्ष अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात घडला. ११ ऑक्टोबर २००३ रोजी सुरू झालेला तेथील संप आणि टाळेबंदी २००४च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने चालली आणि तीत सुमारे साठ हजार दुकान कामगार गुंतले होते. अमेरिकेत आजारपणाचा विमा मालकामार्फत मिळतो, याला कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील वेतनगोठवणूक होय. रोख पगार वाढविण्यास बंदी होती, विम्याला मात्र त्या बंदीतून सूट होती, म्हणून माणसे टिकविण्यासाठी मालकांनी विमा देऊ केला आणि युद्ध संपल्यावरही ती गाठ सुटली नाही. कॅलिफोर्नियातील दुकानमालकांना या खर्चाचा वाटा नोकरांवर टाकायचा होता. संपाच्या शेवटी जी तडजोड झाली, तिच्यात जुन्या नोकरांच्या सवलती बऱ्याच अंशी राखल्या गेल्या, परंतु पुढे भरती होणाऱ्यांसाठी वेगळी, कमी पगाराची आणि कमी विम्याची श्रेणी निर्माण झाली. एकाच गल्ल्यावर शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन नोकरांत अशी भिंत उभी राहणे अमेरिकनांना नवे वाटले असेल. छत्तीसगडात ती भिंत पूर्वीपासूनच होती आणि तिला ‘नियमित’ व ‘ठेका’ अशी दोन नावेही होती.

रायपूरचा कारभार मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, १८५४मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा तेही इंग्रजांकडे गेले आणि १८६१पासून मध्य प्रांताचा भाग म्हणून त्याची राजधानी पुन्हा नागपूरच राहिली. त्यामुळे रायपुरातील गिरणी-कारखान्यांना लागू होणारे कामगारविषयक कायदे १९५६पर्यंत नागपुरातच घडत होते. मुंबई इलाख्याने १९२९मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला, त्याच्या पाठोपाठ १९३०मध्ये मध्य प्रांतानेही तसा कायदा केला. बाळंतपणाच्या काळात कारखान्यातील स्त्रीला रोख भत्ता द्यावा, अशी त्याची मर्यादित तरतूद होती. मात्र प्रांताच्या नकाशात मधूनमधून संस्थाने विखुरलेली होती आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा त्यांच्या हद्दीत आपोआप चालत नसे. छत्तीसगडमधील सर्वांत मोठी कापड गिरणी नेमकी अशाच एका संस्थानात, राजनांदगावात होती.

ही गिरणी तेथील राजा बलरामदास यांच्या पुढाकाराने १८९०च्या दशकात ‘सी. पी. मिल्स’ या नावाने सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत कलकत्त्याच्या शॉ वॉलेस कंपनीकडे जाऊन ‘बंगाल नागपूर कॉटन मिल्स’, अर्थात बीएनसी मिल म्हणून ओळखली जाऊ लागली. १९२०मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह या तरुण वकिलाच्या नेतृत्वाखाली तेथे झालेला संप महिनाभराहून अधिक काळ चालला. त्याचा मुख्य मुद्दा कामाच्या तासांचा होता; औषधोपचाराची मागणी त्या काळच्या गिरणी कामगाराच्या तोंडी अजून आलेली नव्हती, आणि बारा-बारा तास दमट उष्णतेत सूत काढणाऱ्या माणसाने आधी तास कमी करून मागावेत हे स्वाभाविकही होते, कारण त्याच्या छातीचे दुखणे तासांतूनच येत होते. १९२४मध्ये दुसरा संप झाला, गोळीबार झाला आणि ठाकूर साहेबांना संस्थानाच्या हद्दीबाहेर घालविण्यात आले. ते रायपुरास येऊन स्थायिक झाले, पुढे तेथील नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, आणि गिरणीतला लढा अशा रीतीने रायपूरच्या सार्वजनिक जीवनाशी जोडला गेला.

आजारपणाची जबाबदारी कायद्यात शिरण्यास त्यानंतर दोन दशके लागली. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम हिंदुस्थान सरकारने १९४३मध्ये प्रा. बी. पी. आडारकर या अर्थशास्त्रज्ञाकडे सोपविले. १९४४मध्ये सादर झालेल्या त्यांच्या अहवालावर १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. कामगारांच्या बोलण्यात ‘ईएसआय’ एवढ्याच नावाने वावरणाऱ्या या योजनेचे तत्त्व सोपे आहे. मालक आणि कामगार यांनी पगाराच्या ठरावीक टक्क्यांनी वर्गणी भरायची, त्या निधीतून कामगाराला व त्याच्या कुटुंबाला दवाखाना मिळायचा आणि आजारपणात बुडालेल्या मजुरीचा काही भाग रोखीने परत मिळायचा. अमेरिकेत जे मालकाच्या मर्जीवर किंवा संघटनेच्या ताकदीवर अवलंबून राहिले, ते येथे कायद्याने बांधले गेले, ही आडारकरांच्या आराखड्याची मोठी कमाई मानली पाहिजे. परंतु कायद्याच्या व्याख्येतच एक फट होती. तो विजेवर चालणाऱ्या आणि ठरावीक संख्येपेक्षा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता, आणि ‘कारखाना’ या शब्दातून खाण स्पष्टपणे वगळलेली होती.

छत्तीसगडात ही फट लहान नव्हती. सोव्हिएत साह्याने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि तिला लागणारे लोहखनिज रायपूरच्या नैर्ऋत्येकडील दल्ली राजहरा येथील डोंगरांतून येऊ लागले. कारखान्याने भिलाईत सेक्टर ९मध्ये मोठे रुग्णालय बांधले, खाणींच्या गावीही आपले रुग्णालय ठेवले. पण खनिज फोडून ट्रकमध्ये भरणारे हजारो स्त्री-पुरुष ठेकेदारांचे मजूर होते. स्त्री मजुराला या भागात ‘रेजा’ म्हणतात, आणि राजहऱ्याच्या डोंगरात रेजांची संख्या पुरुषांच्या जवळपास असे. १९६१च्या कायद्याने लोहखनिजावर उपकर बसवून खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभारण्याची सोय झाली होती आणि १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेक्यावरील मजुरांसाठी पिण्याचे पाणी, विश्रांतीची जागा व प्रथमोपचाराची पेटी ठेवणे बंधनकारक केले होते. पेटीच्या पुढे काय, याचे उत्तर या दुसऱ्या कायद्यात नव्हते.

आणीबाणी उठत असताना, ३ मार्च १९७७ रोजी, या ठेका मजुरांनी प्रस्थापित संघटनांतून बाहेर पडून छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला आणि नुकतेच तुरुंगातून सुटलेले शंकर गुहा नियोगी यांना नेतृत्वासाठी बोलाविले. ठिणगी बोनसच्या वाटपातून पडली होती, कारण नियमित कामगारांना ३०८ रुपये आणि ठेका मजुरांना अवघे ७० रुपये देण्याचे ठरले होते. पावसाळ्यापूर्वी झोपड्या शाकारण्यासाठी बांबू-बल्ल्यांचा भत्ता मिळावा या साध्या मागणीवरून २ आणि ३ जूनला गोळीबार झाला आणि ११ जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनसूयाबाई ही स्त्री मजूर आणि सुदामा नावाचा एक मुलगाही होता. या घटनेचे वर्णन बहुधा वेतनलढ्याच्या इतिहासात केले जाते, परंतु तिचा आरोग्याच्या इतिहासाशी असलेला धागा अधिक टिकाऊ ठरला.

१९७९मध्ये संघाच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या. कारखान्याच्या रुग्णालयात त्यांच्याकडे वेळेवर लक्ष दिले गेले नाही, असा संघटनेचा आरोप होता, आणि रुग्णालयासमोर हजारो मजूर जमले. तो जमाव दगडफेक न करता परतला, याची नोंद नंतरच्या प्रत्येक वृत्तान्तात आढळते, आणि ती तशी असण्यास कारण आहे : त्या दिवशीच्या शोकसभेतून आपले स्वतःचे प्रसूतिगृह उभारण्याचा निर्धार झाला. कामगार संघटनेने मालकाकडून दवाखाना मागणे ही जगभरची रीत आहे. मालकाच्या दारात उभे राहून, आता तुमचा दवाखाना नको, आम्ही आमचा बांधतो असे म्हणणे दुर्मीळ आहे, आणि त्यात अभिमानाइतकीच व्यवहारी गणितेही होती. ठेका मजुराला कारखान्याच्या रुग्णालयात प्रवेश मिळाला तरी तो पाहुण्यासारखा असे, आणि पाहुण्याला तक्रारीचा हक्क नसतो.

संघाचे ब्रीद ‘संघर्ष और निर्माण’ असे होते. लढा आणि उभारणी हे एकाच चळवळीचे दोन पाय, असा त्याचा अर्थ. संघटनेच्या कामाचे सतरा विभाग पाडलेले होते, त्यांत आरोग्य, शिक्षण, दारूबंदी यांना वेतनाइतकेच स्थान होते. दारूबंदीचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे, कारण आरोग्याचा कार्यक्रम म्हणून ती दवाखान्याच्या आधी आली आणि वाढलेली मजुरी घरी पोहोचावी हा हेतू त्यामागे होता. मजुरी वाढून तीच भट्टीत गेली तर लढ्याचा लाभ दारूच्या ठेकेदाराला होतो, हे रेजांनी पुढाऱ्यांच्याही आधी ओळखले असावे. १९८१च्या सुमारास बिनायक सेन, आशीष कुंडू, पवित्र गुहा यांसारखे तरुण डॉक्टर राजहऱ्यास येऊन दाखल झाले. २६ जानेवारी १९८२ रोजी संघाच्या कार्यालयाच्या आवारातील गॅरेजमध्ये ‘शहीद डिस्पेन्सरी’ सुरू झाली, आणि १९७७च्या गोळीबाराच्या स्मृतिदिनी, ३ जून १९८३ रोजी, पंधरा खाटांचे शहीद हॉस्पिटल उघडले. उद्घाटन एका वृद्ध खाण कामगाराच्या आणि एका वृद्ध शेतकऱ्याच्या हातून झाले, मंत्र्याच्या नव्हे.

या इमारतीचा पैसा कोठून आला, हे पाहिल्याशिवाय तिचे महत्त्व ध्यानात येत नाही. मजुरांनी आपल्या भत्त्यांतून वर्गणी दिली, पाळी संपल्यावर श्रमदान केले, आणि बाहेरच्या संस्थांकडून किंवा मालकाकडून देणगी घेतली नाही. आडारकरांच्या योजनेत मालक, कामगार आणि शासन हे तीन खांब होते. राजहऱ्यात त्यांतला एकच खांब उभा राहिला आणि त्याने छप्पर पेलले. ‘मेहनतकशों के स्वास्थ्य के लिए मेहनतकशों का अपना कार्यक्रम’ ही घोषणा त्यामुळे शब्दशः खरी होती. कामगारांतूनच आरोग्य कार्यकर्ते तयार करण्यात आले. टाके घालणे, मलमपट्टी करणे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे हे घरोघर सांगणे, अशी कामे खाणीतले मजूर रिकाम्या वेळी करू लागले. अनावश्यक इंजेक्शने आणि सलाइन यांविषयी डॉक्टरांचा कटाक्ष कडक होता, आणि सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही अशी समजूत असलेल्या रुग्णांशी त्यांना पुष्कळ वाद घालावा लागे. लवकरच असे दिसून आले की येणाऱ्यांत संघाचे सभासद थोडे आणि आसपासच्या खेड्यांतील आदिवासी व शेतकरी अधिक आहेत. जे रुग्णालय हजेरीपटाबाहेर राहिलेल्यांनी बांधले, त्याच्या दारात हजेरीपट तपासण्याचे कारणही नव्हते. खाटांची संख्या पुढे शंभरावर गेली.

या प्रयोगाची एक उणी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. कामगारांनी स्वतःच्या घामातून रुग्णालय बांधले म्हणजे मालकाच्या डोक्यावरचा भार तेवढा उतरला, ही टीका चळवळीच्या मित्रांकडूनही होऊ शकते आणि ती पोकळ नाही. तिला उत्तर इतकेच देता येते की संघाने रुग्णालय चालवीत असताना नियमितीकरणाची मागणी कधी सोडली नाही. १९८४मध्ये हीच चळवळ राजनांदगावच्या बीएनसी मिलमध्ये पोहोचली. तेथील मागण्यांत गिरणीच्या खात्यांतील असह्य उष्णता कमी करावी हीही एक होती, म्हणजे १९२०मध्ये तासांच्या आड दडलेले दुखणे आता स्वतःच्या नावाने मांडले गेले होते. त्या सप्टेंबरात गोळीबार होऊन चार जण ठार झाले.

१९९०पासून लढ्याचे केंद्र भिलाई आणि रायपूरच्या खासगी कारखान्यांत सरकले. रायपूरच्या उत्तरेकडील उरला, रायपूर-दुर्ग मार्गावरील कुम्हारी आणि राजनांदगावकडील टेडेसरा या औद्योगिक वसाहतींत हजारो मजूर वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर काम करूनही ठेकेदाराचेच गणले जात. त्यांच्या मागण्यांची यादी वाचताना हजेरीपटाचा मुद्दा किती मध्यवर्ती होता हे स्पष्ट होते : हजेरीकार्ड द्या, वेतनचिठ्ठी द्या, भविष्यनिर्वाह निधी कापा, वैद्यकीय सोय करा, कायम करा. राजहऱ्याच्या खाणी ईएसआय कायद्याबाहेर होत्या, उरल्याचे कारखाने मात्र कायद्याच्या आत होते. तरीही ज्याच्याकडे आपण येथे कामाला आहोत हे दाखविणारा कागदच नाही, त्याला विम्याचे कार्ड मिळणार नव्हते, आणि म्हणून येथे दवाखाना बांधण्यापेक्षा कागद मिळविणे अधिक निकडीचे ठरले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे भिलाईतील घरात झोपेत असताना नियोगींची गोळ्या घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या आंदोलकांवर गोळीबार होऊन पंधराहून अधिक माणसे मेली. त्या प्रकरणातील जुन्या गुन्ह्यावरून शहीद हॉस्पिटलचे डॉ. शैबाल जाना यांना २०१६मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी अटक झाली. तोवर त्यांनी त्या रुग्णालयात तीन दशकांहून अधिक काळ घालविला होता.

खाण आणि कारखाना यांच्या या गदारोळात रायपूरचा जुना व्यवसाय, म्हणजे धान्य आणि किराणा, मागेच राहिला. रायपूर ही मुळात भाताच्या कोठाराची बाजारपेठ आहे. गोल बाजारातील किरकोळ दुकाने आणि गुढियारीतील ठोक किराणा बाजार यांवर तिचे दैनंदिन अर्थकारण चालते, आणि तेथे पोती वाहणारे हमाल, तराजूवरचे तोलणारे, दुकानांतले नोकर यांची संख्या कोणत्याही एका कारखान्याहून लहान नाही. मराठी वाचकाला येथे मुंबईची तुलना सुचेल. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या १९६९च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने नेमक्या याच माणसांसाठी मंडळे स्थापन केली आणि त्यांत ‘किराणा बाजार व दुकाने मंडळ’ हे एक महत्त्वाचे मंडळ होते. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे अधिभार, मंडळाकडे भरायचा आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधोपचार पाहायचा, अशी ही रचना आहे; माथाडी आज एका दुकानात आणि उद्या दुसऱ्या दुकानात पोते उचलतो, तेव्हा हजेरीपट दुकानात ठेवून चालणार नाही, तो मंडळात ठेवला पाहिजे, हा तिच्यातील अत्यंत हुशार विचार होय. छत्तीसगडच्या लढाऊ चळवळीला बाजारपेठेसाठी असे साधन घडविता आले नाही, आणि खाणीतल्या एकगठ्ठा वस्तीवर पोसलेली संघटना विखुरलेल्या दुकानांत पाय रोवू शकत नाही, हे त्याचे मुख्य कारण दिसते.

दुकानांना ईएसआय लागू करण्याची तरतूद मूळ कायद्यातच होती, राज्य सरकारांनी अधिसूचना काढून तिचा वापर करायचा होता, आणि त्या वाटेने मोठी दुकाने व पुढे साखळी दुकाने हळूहळू योजनेत आली. १ जानेवारी २०१७पासून योजनेची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे आणि जुलै २०१९पासून मालकाची वर्गणी ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्के आहे; रायपूरच्या मॉलमध्ये मांडणीवर डबे लावणाऱ्या तरुणाचा पगार सहसा या मर्यादेच्या आतच असतो. अडचण अशी की पुष्कळदा तो दुकानाचा नोकर नसून मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सीचा असतो, आणि राजहऱ्यातील ठेकेदार येथे इस्त्रीच्या कपड्यांत परत भेटतो.

दरम्यान शासनाने वेगळी वाट काढली. जानेवारी २०२०मध्ये राज्याने डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजना सुरू केली आणि तिच्यात रुग्णालयातील उपचारासाठी प्राधान्य शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत, इतरांना पन्नास हजारांपर्यंत संरक्षण दिले. ज्या मजुराला कोणतीच वही ओळखत नव्हती, त्याला रेशनच्या कार्डाने ओळखले, ही गोष्ट हलकी लेखण्यासारखी नाही. मात्र त्या कार्डावर तो कुटुंबप्रमुख आहे, कामगार नाही. त्याच्या उपचारात मालकाचा वाटा उरत नाही आणि आजारपणात बुडालेल्या मजुरीचा प्रश्नही तेथे विचारला जात नाही.

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी छत्तीसगडने १९५८चा मध्य प्रदेशकालीन दुकाने कायदा बाजूला करून स्वतःचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा अमलात आणला. जुना कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागू होता; नवा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला देशभर लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ईएसआयची सक्ती दहा माणसांपासून सुरू होते, आणि त्याहून लहान दुकानाला मालक व बहुसंख्य नोकर यांच्या संमतीने स्वेच्छेने योजनेत येता येते. गुढियारीतल्या ठोक किराणा दुकानात बहुधा चार-पाच नोकर असतात, आणि संमतीचा तो अर्ज मालकालाच भरावा लागतो.